वाचक विचारतात: गच्चीखालचा उकाडा आणि फोमचे बोर्ड

प्रश्न : सहकारनगरला आमचा जुना बंगला आहे. उन्हाळ्यात वरच्या मजल्याचं छत रात्री अकरापर्यंत तापलेलं असतं. गच्ची ६०० चौरस फूट, स्लॅब सहा इंची, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, गळती नाही. एका कंत्राटदाराने थर्मोकोल सुचवलं, दुसऱ्याने एक्सपीएस, तिसऱ्याने पफ. कोणतं घ्यावं आणि किती जाडीचं?

गच्चीवर घालायचं असेल तर एक्सपीएस, म्हणजे थर्मोकोलच्याच पॉलिस्टायरीनचा, पण सलग दाट फोम. उष्णता अडवण्यात खरं तर पफ (पॉलियुरेथेन फोम) सरस. त्याची उष्णतावाहकता (जितकी कमी तितकी चांगली) ०.०२३ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते, एक्सपीएसची ०.०३, थर्मोकोलची ०.०३६. पण हे आकडे कोरड्या फोमचे. फरशीखाली पावसाळाभर ओल राहते. थर्मोकोलच्या मण्यांमधून आणि पफच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरतं, आणि भिजलेला फोम उष्णता नीट अडवत नाही. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात, शिवाय तो दाबाला चांगला टिकतो.

जाडी ५० मिलिमीटर. एक चौरस मीटर छतातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता जाते ते यू-मूल्य. तुमच्या स्लॅबचं कोब्यासकट ते साधारण २.३ निघेल. २५ मिलिमीटर एक्सपीएसने ते ०.८ होतं, ५० ने ०.५, ७५ ने ०.३५. घरांसाठीच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये छताची मर्यादा १.२ आहे, म्हणजे २५ मिलिमीटरही नियमात बसतो. ५० चा फायदा खोलीत जाणवेल. ७५ चे जादा पैसे मात्र आम्ही खर्च केले नसते.

वजनाचं आधी बघा. फोम हलका, पण त्यावर ५० मिलिमीटर काँक्रीटचा थर लागतो आणि तो चौरस मीटरला सुमारे १२० किलो भरतो. तुमच्या गच्चीवर साडेसहा टनांहून जास्त. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानक ८७५ मध्ये चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा वापरभार (माणसं, सामान वगैरेंचं वजन) धरलेला असतो. म्हणजे नुसता हा थरच त्यातला बराचसा वाटा खाईल. जुन्या बंगल्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब दाखवल्याशिवाय हे काम काढू नका. त्याने नकार दिला तर कोब्यावर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग द्या आणि फोम खालून लावा.

होकार मिळाला तर आधी कोब्याच्या भेगा भरून त्यावर पॉलिमर-सिमेंटच्या जलरोधक लेपाचे दोन हात द्या. कठड्यालगतचा कोपरा गोलाईने भरून (वाटा करून) तोच लेप फुटभर वर चढवा. मग पाइपांची तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालून छत तपासा. ही चाचणी टाळली तर पुढे गळती कुठून होते ते शोधायला वरचं सगळं फोडावं लागतं. फोमचे सांधे विटांसारखे एकाआड एक ठेवा, वर जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्यांचं, पाणी जाऊ देणारं) कापड अंथरा, मग जाळी घातलेलं काँक्रीट. ते साधारण दोन-दोन मीटरच्या चौकोनांत, मध्ये सांधे सोडून ओता, नाहीतर उन्हाने तडकेल. किमान सात दिवस पाणी मारा. जेवढा फोम झाकता येईल तेवढाच एका दिवशी पसरा. उन्हात पडून राहिला तर पिवळा पडून त्याची भुकटी सुटते, आणि वळवाच्या वाऱ्यात बोर्ड शेजाऱ्यांच्या अंगणात जातात.

फोमला थिनर किंवा पेट्रोलजन्य द्रावक असलेलं डांबरी प्रायमर लागू देऊ नका, तो विरघळतो. ज्योतीने चिकटवायचं मेम्ब्रेनही (जलरोधक डांबरी पत्रकही) थेट त्याच्यावर नको.

गच्चीची पातळी फरशीसकट पाच इंच वर येईल. तिन्ही कंत्राटदारांनी दाराचा उंबरठा मोजला नसेल, तर तुम्ही मोजा; कठड्याची उंची आणि पावसाळी पाइपांची तोंडंही बघा. टाकीचे आणि सोलरचे पाय फोमवर नकोत. त्यांचे ओटे थेट जुन्या गच्चीवर बांधा आणि फोम भोवती कापून बसवा.

माल घेताना १२५० बाय ६०० मिलिमीटरचा ५० जाडीचा एक बोर्ड काट्यावर ठेवा. तो १.२ ते १.३ किलो भरायला हवा. किलोच्या आत असेल तर परत करा. कडा खाचेच्या मागा. तुम्हाला ७५ बोर्ड लागतील, तुकडे धरून ८० घ्या.

प्रश्न : धायरीत गच्चीवर पत्र्याची खोली आहे. आतून चंदेरी फॉइलचा १० मिलिमीटर फोम चिकटवला होता, दोन उन्हाळ्यांत सुटून लोंबू लागला. पुन्हा चिकटवावा का?

नको. दुपारी पत्रा साठ अंशांच्याही वर तापतो; गोंद मऊ पडतो, पत्रा दिवसा पसरतो, रात्री आकसतो, आणि सांधा सुटतो. शिवाय फॉइलचा उपयोग तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तेव्हाच.

पत्रा बदलायचाच असेल तर पफ भरलेले ५० मिलिमीटरचे सँडविच पॅनेल घ्या. इथे पफला ओल लागत नाही, कारण दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. मात्र कापलेल्या कडा फ्लॅशिंगने, म्हणजे वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीने, झाका. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, ईपीडीएम (रबरी) वॉशरसकट. जुना पत्रा ठेवायचा असेल तर त्याखाली वेगळी चौकट करून त्यावर बोर्ड बसवा, आणि पत्रा व बोर्ड यांच्यामधली गरम हवा जायला दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवा.

प्रश्न : वरच्या मजल्यावर फ्लॅट, सोसायटी गच्चीला हात लावू देत नाही. आतून नुसतं थर्मोकोल चिकटवलं तर?

नुसतं कधीच नाही. आग लागली तर ते वितळून जळते थेंब गाळतं आणि दाट विषारी धूर करतं. ५० मिलिमीटर बोर्ड स्लॅबला डॉवेल-फास्टनरने बसवा आणि खाली १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्डचं सीलिंग करा. उंची साधारण तीन इंच कमी होईल. स्लॅबला ओल असेल तर आधी ती बंद करा, कारण सीलिंगमागे ती दिसायची नाही. पंख्याचा हूक स्लॅबलाच राहू द्या आणि दांडी लांब घ्या.