कूलर चालू, तरी अंग चिकट: वरच्या मजल्यावरची उन्हाळ्यातली झोप

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एप्रिलमध्ये चिपळूणहून अकोल्याला बदली, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर भाड्याचं घर, नवा कूलर घेतला तरी रात्री एकपर्यंत कुणाचा डोळा लागत नाही. चार वर्षांच्या लेकीच्या पाठीवर घामोळ्या, सासूबाई रात्रभर उठून बसतात, आणि कूलर लावला की अंग उलट चिकट होतं. माझं माहेर मालवणचं. लग्न होऊन अकोल्यात आले त्याला 31 वर्षं झाली, त्यातली 19 शेवटच्या मजल्यावर काढली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी खिडक्या. तुम्ही लिहिलंय की दिवसभर सगळं उघडं ठेवता, तरी हवा येत नाही. कोकणात ते बरोबरच आहे. तिथे घाम वाळायला वारा लागतो आणि बाहेरची हवा घरातल्यापेक्षा फारशी गरम नसते. इथे मे महिन्यात दुपारी बाहेर 43-44 अंश असतात. उघड्या खिडकीतून आत येते ती झळ, आणि ती भिंतींत, गाद्यांत, कपाटांत जाऊन बसते. रात्री तुम्ही झोपता ते त्या साठवलेल्या उन्हातच. सकाळी साडेआठ-नऊला खिडक्या बंद करा, पडदे ओढा. पश्चिमेच्या खिडकीला पडद्यापेक्षा बाहेरून बांबूची चटई किंवा हिरवी जाळी लावा, कारण काचेतून एकदा आत आलेली उष्णता पडद्याने परत जात नाही. खिडक्या उघडायची वेळ घड्याळावर ठरवू नका. संध्याकाळी गॅलरीचं दार बोटभर उघडून फटीशी गाल न्या. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार लागली की सगळं सताड उघडा. आमच्याकडे बहुतेक दिवस त्याला आठ-साडेआठ होतात, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला की नऊसुद्धा.

आता कूलर. तो एसीसारखा तीच हवा पुन्हा पुन्हा थंड करत नाही. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूंना बसवलेल्या गवताच्या पडद्यांतून, ओढतो, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, आणि गार पण ओलसर हवा खोलीत येते. ती ओल बाहेर पडायला वाट नसेल तर तासाभरात खोलीत वाफ कोंडते आणि घाम वाळायचा थांबतो. तुम्हाला जे चिकट वाटतं ते हेच. तुमचा कूलर खोलीच्या आत, खिडकीपासून दोन हात लांब आहे आणि दार लावलेलं असतं, म्हणजे तो खोलीतलीच ओली हवा फिरवतो आहे. त्याची पाठ खिडकीत बसवा, बाहेरून स्टँड लावता आला तर उत्तमच. समोरच्या बाजूची एक खिडकी निदान अर्धी उघडी ठेवा. मग वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून त्या खिडकीशी धरा. पट्टी बाहेरच्या बाजूला ओढली जाऊन फडफडली तर हवेला वाट आहे. सरळ लोंबत राहिली तर खिडकी आणखी उघडा किंवा मधलं दार उघडा. अंथरूण त्या वाऱ्याच्या वाटेवर घाला, कूलरच्या थेट तोंडासमोर नको.

रात्री बाहेर 34 अंश आणि आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या ताट्यांमधून येणारी हवा 25 अंशांच्या जवळपास उतरते. चिपळूणच्या दमट हवेत हाच कूलर दोन-अडीच अंशांपलीकडे काही करू शकला नसता. ताट्या वाळ्याच्या मिळाल्या तर घ्या. दरवर्षी पहिल्यांदा पाणी सोडलं की खोलीभर जो वास पसरतो, तो मला अजून माळवदाखाली झोपायच्या दिवसांत नेतो. पण इथलं पाणी जड आहे, क्षार साचून ताट्या कडक होतात आणि वरून पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं बुजतात. पंधरा दिवसांनी दाभणाने ती मोकळी करा. एखाद्या ताटीचा वरचा कोपरा कोरडा दिसला, तर तिथून गरम हवा तशीच्या तशी आत येते.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून मग भरा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि कूलरची टाकी त्याची आवडती जागा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कूलर चालू असताना टाकीला हात लावायचा नाही. स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा आणि मगच पाणी भरायचं, तेही पायात चप्पल घालून. विदर्भात कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. आमच्या कूलरच्या पत्र्यात एकदा करंट उतरला होता. मी नळी धरून उभी होते, बोटांना मुंग्या आल्या आणि सुदैवाने हात सुटला. पंपाची वायर सोलली गेली होती आणि घराला अर्थिंगच नव्हतं. त्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवला. घर भाड्याचं असलं तरी घरमालकाशी बोलून हे करून घ्या, बाकी सगळं नंतर.

शेवटच्या मजल्यावरचा खरा जाच स्लॅबचा. रात्री दहाला स्टुलावर उभं राहून तळहात छताला लावून बघा, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागेल. साडेचार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतं. पंखा फुल केला की तीच छताजवळची गरम हवा अंगावर येते. म्हणून उपाय गच्चीवर करायचा. मालकाने परवानगी दिली तर गच्चीला पांढरा चुना मारा, चुना चांगला विरवून त्यात थोडा फेविकॉल घातला म्हणजे पायाला लागत नाही. खर्च फार नाही आणि फरक पहिल्याच रात्री कळतो. ते जमत नसेल तर झोपायच्या खोलीच्या वर हिरवी जाळी कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधा, म्हणजे खालून वारा खेळतो. सूर्य मावळल्यावर गच्चीवर पाणी मारतात तेही चांगलं, पण अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्ही एव्हाना अनुभवलं असेल. धुण्याचं शेवटचं, साबण नसलेलं पाणी आम्ही बादल्यांनी वर नेत होतो. पहिली बादली ओतली की चर्र आवाज होऊन वाफ निघते आणि दोन मिनिटांत जागा कोरडी, दुसऱ्या-तिसऱ्या बादलीला ती ओल धरते. दुपारी मात्र पाणी मारू नका, फुकट जातं. आणि स्लॅब आधीच गळका असेल तर हा नाद सोडा.

अंथरुणाबद्दल थोडक्यात. फोमची गादी अंगाची उष्णता धरून ठेवते. उन्हाळ्यापुरती ती बाजूला ठेवा, सतरंजीवर सुती चादर किंवा कापसाची पातळ गादी पुरे. सासूबाईंना खाली बसणं-उठणं जमत नसेल तर नवारीची बाज आणा. खालूनही वारा लागतो, त्यामुळे पाठ भिजत नाही. झोपण्याच्या तासभर आधी साध्या पाण्याने अंघोळ करा. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. झोप येताना शरीर हातापायांच्या तळव्यांतून उष्णता टाकत असतं, म्हणून पाय धुऊन ओले तसेच वाऱ्यावर ठेवले तरी मुलं लवकर झोपतात. लेकीला पातळ सुती झबलं घाला, घामोळ्यांवर पावडरीचे थर देऊ नका. पहाटे तीन-चारला हवा गार झाली की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा ठेवा, नाहीतर तिला थंडी वाजेल.

गच्चीवर झोपावं का, असंही तुम्ही विचारलंय. कठडा छातीएवढा असेल तर जरूर झोपा, मोकळ्या आभाळाखाली अंथरूण जसं गार होतं तसं खोलीत कधी होत नाही. मच्छरदाणी हवीच, आणि पहाटेसाठी उशाशी एक चादर. कठडा कमी उंचीचा असेल तर चार वर्षांच्या मुलीला घेऊन नको. झोपेत उठलेलं मूल कुठे चालत जाईल सांगता येत नाही.

सासूबाईंकडे जास्त लक्ष द्या. म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते, त्यामुळे त्या नको म्हणाल्या तरी तांब्या उशाशी ठेवा आणि त्या उठून बसल्या की दोन घोट पाजा. ओल्या पंच्याने मान, हात, पाय पुसून पंख्याखाली बसवलं की पुष्कळ बरं वाटतं. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यापुरतं डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. रात्रीसुद्धा त्या असंबद्ध बोलू लागल्या, अंग भाजल्यासारखं तापलं किंवा हाकेला नीट ओ देईनाशा झाल्या, तर सकाळची वाट बघू नका. अंगावर पाणी टाकत पंखा लावा आणि 108 ला फोन करा. दिवसा पाऱ्याने चाळिशी गाठलेली असताना रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून वर राहिलं, तर हवामान खातं ती ‘उष्ण रात्र’ धरतं. अशा लागोपाठच्या रात्री म्हाताऱ्या माणसांना दुपारच्या उन्हाइतक्याच जड जातात, शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ढग जमले की कूलर अचानक काम करेनासा होईल आणि तुम्हाला वाटेल तो बिघडला. तो बिघडलेला नसतो, हवाच तुमच्या चिपळूणसारखी झालेली असते. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा आणि दिवसासुद्धा खिडक्या उघड्या ठेवा.