पहिला गियर खट्टकन पडतो, सिग्नलला न्यूट्रल लागत नाही; इंजिन उघडावं लागेल का?

क्लच प्लेटा नुकत्याच बदलल्यात, तरी मोटारसायकल उभी असताना न्यूट्रल लागत नाही आणि पहिला टाकताना दणका बसतो, असं तुम्ही लिहिलंय. गॅरेजवाल्याचं म्हणणं, प्लेटा नव्या आहेत म्हणजे दोष गियरबॉक्सचा. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. प्लेटा नव्या असणं आणि क्लच नीट सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी हे करून बघा. इंजिन बंद करा आणि गाडी हलकेच मागेपुढे ढकलत गियर बदला. (न ढकलता बदलायला गेलात तर गियर अडकणारच. गियरचे डॉग, म्हणजे बाजूचे एकमेकांत अडकणारे दात, समोरासमोर येऊन थांबतात, तो दोष नव्हे.) बंद इंजिनवर न्यूट्रल बिनबोभाट लागतो आणि चालू इंजिनवर लागत नाही, तर गियरबॉक्सला हात लावायचा नाही. क्लच दाबूनही प्लेटा पुरत्या सुटत नाहीयेत, एवढाच त्याचा अर्थ.

क्लचच्या वायरचा फ्री प्ले, म्हणजे वायर ताणली जाण्याआधी क्लच लिव्हर जेवढी सैल हलते ते अंतर, लिव्हरच्या टोकाशी बहुतेक गाड्यांना 10 ते 20 मिमी लागतो. जास्त असेल तर इंजिनकडच्या नटावर मोठा फरक काढा, लिव्हरकडचा अ‍ॅडजस्टर बारीक कामासाठी ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फ्री प्ले बदलत नाही ना, ते बघा. लिव्हरपाशी वायरचे तंतू तुटायला लागले असतील तर वायर बदला, तिच्यात ऑइल घालून काही होत नाही. इंजिन ऑइलची पातळी खुणेच्या वर नको, ग्रेड पुस्तिकेत दिलेली, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (तेलात चालणाऱ्या क्लचसाठीच्या ऑइलची खूण) हवं.

एवढं करूनही फरक नाही, तर क्लच कव्हर उघडा आणि प्लेटा नव्हे, त्या ज्यात बसतात ते हाउसिंग बघा.

क्लच पूर्ण दाबला की प्रेशर प्लेट (सगळ्या प्लेटांना दाबून धरणारी) जेमतेम दीड-दोन मिमी उचलली जाते. पाच फ्रिक्शन आणि चार स्टील प्लेटा असतील तर घासणारे पृष्ठभाग दहा. म्हणजे एकेका जागी 0.15 ते 0.2 मिमी फट. या एवढ्याशा फटीवर सगळा कारभार चालतो. हाउसिंगच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटांवर प्लेटांचे कान (कडेला बाहेर आलेले दात) वर्षानुवर्षं आपटून खळगे पडतात. बोटाच्या कडेवरून नख फिरवलं की ते पायऱ्यांसारखे लागतात. क्लच दाबल्यावर कान त्या खळग्यात अडकून राहतो, प्लेट सरकत नाही, आणि वरची सगळी फट एका-दोन जागी गोळा होते. बाकीच्या प्लेटा चिकटलेल्याच. नवी प्लेट टाकली तरी तिचे कान त्याच खळग्यात जाऊन बसतात. म्हणून 'प्लेटा नव्या आहेत' हा पुरावा होत नाही.

खळगे उथळ असतील तर बारीक कानशीने साफ करता येतात, पण प्रत्येक बोटावरून सारखाच माल निघाला पाहिजे. चुरा इंजिनात जाता कामा नये, हाउसिंग बाहेर काढूनच घासा. खोल असतील तर हाउसिंग बदला. खोल खळगे कानशीने मिटवणारे महाभाग आहेत. बोटांमधली फट रुंद झाली की कान आणखी जोरात आपटतात आणि नवे खळगे आधीपेक्षा लवकर पडतात.

स्टील प्लेटा जाड काचेवर ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. मर्यादा पुस्तिकेत असते, पण वरचा हिशेब लक्षात घेतला तर 0.2 मिमीचा बाक त्या जागेची सगळी फट खाऊन टाकतो हे उघड आहे. प्लेट निळी पडली असेल तर ती तापलेली आहे, बाक नक्की तपासा. स्प्रिंगा संच म्हणूनच बदला. एक आखूड झाली तर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये काही तास भिजत ठेवा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. सहा मिमीच्या बोल्टला 10 ते 12 न्यूटन-मीटर पुरे. जोर दाखवलात की तुटतो.

'वायर जितकी ताणलेली तितका क्लच चांगला' म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. फ्री प्ले शून्य केलात तर न्यूट्रल कदाचित लागेल, पण प्लेटांवर पूर्ण दाब राहणार नाही. मग चढावर, वरच्या गियरमध्ये इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही. एक दुखणं लपवायला दुसरं विकत घेतलंत.

गियरबॉक्स कधीच दोषी नसतो असं नाही. गाडीला जोर देताना गियर सुटून बाहेर येत असेल तर डॉगच्या कडा गोल झाल्यात किंवा गियर सरकवणारा फोर्क वाकलाय, तेव्हा इंजिन उघडण्याला पर्याय नाही. पण गियरची लिव्हर खाली जाऊन परत येत नसेल तर आधी शिफ्ट शाफ्टची रिटर्न स्प्रिंग बघा. बऱ्याच गाड्यांत ती क्लच कव्हरच्या मागेच सापडते.

आणि हो, सकाळी थंड इंजिनवर पहिला दणका जवळपास सगळ्याच गाड्यांना बसतो. रात्रभर चिकटलेल्या प्लेटा त्या. आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिनचा वेग) जास्त असेल तरी खट्ट वाढतं, ते आधी पुस्तिकेप्रमाणे लावा. हायड्रॉलिक क्लच असेल तर वायरचं वरचं सगळं सोडून द्या, नळीतली एअर काढा आणि क्लच फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच फ्लुइड भरा.