मोटार का जळते आणि पीएच.डी. कशात करावी?

विजेच्या मोटारी, तारा आणि पंखे यांविषयी या खेपेला आलेल्या पत्रांत शेतकरी आहेत, विद्यार्थी आहेत आणि पंख्याच्या वॉरंटीवर चिडलेल्या एक ताईही आहेत. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागावू नये.

प्रश्न : विहिरीवर पाच एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र असलेली) आहे. वर्षात तीनदा जळाली आणि भरून (जुनी तार काढून नवी गुंडाळून) आणली. भरणारा म्हणतो लाइटचा दोष, वायरमन म्हणतो भरणाऱ्याचा. खरं कोणाचं? – एक शेतकरी, जुन्नर तालुका

दादा, याचं उत्तर जळालेली मोटारच देते. पुढच्या वेळी ती भरायला टाकाल तेव्हा जुनी तार उपसण्याआधी कव्हर काढायला लावा आणि आतल्या कॉइली स्वतः बघा. सगळ्या सारख्याच काळ्या पडल्या असतील तर व्होल्टेज कमी होतं किंवा पंपावर ओढ जास्त होती. काही गट कोळसा आणि मधले काही नव्यासारखे लालसर दिसले, तर विजेच्या तीन फेजपैकी एक गेलेला असताना मोटार चालत राहिली. कॉइलींच्या तीन गटांची जोडणी स्टार (तिन्हींचं एकेक टोक एका जागी) असेल तर दोन फेज जळतात आणि एक वाचतो. डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण) असेल तर एक जळतो आणि दोन वाचतात. बाकी सगळं ठीक, पण एकाच जागी तार वितळून मणी झालेत, असं दिसलं तर मात्र बोट भरणाऱ्याकडे जातं. तिथं तारेवरचं इनॅमलचं आवरण खरवडलं गेलं असेल किंवा खाचेतला कागद नीट बसला नसेल.

माझा अंदाज व्होल्टेजकडे आहे. ४१५ व्होल्टची मोटार ३२० व्होल्टवर चालवली की तिचं पीळ देण्याचं बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं उतरतं, म्हणजे जेमतेम ६० टक्के उरतं. पंपाला पाणी तर तेवढंच उचलायचं असतं. मग मोटार जास्त अँपिअर ओढते. साडेसातच्या जागी ढोबळमानानं साडेनऊ-पावणेदहा धरा. उष्णता अँपिअरच्या वर्गात वाढते, म्हणजे तारेतली गरमी दीडपटीच्याही पुढं गेली. इन्सुलेशनचा, म्हणजे तारेवरच्या आवरणाचा, जुना हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. वीस अंशांनी वाढलं तर पाव.

दोन गोष्टी करा. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण) बसवा, आणि दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवायची सवय सोडा. तिसरी एकट्यानं होणारी नाही, गावानं मिळून करावी लागेल. डीपीवरचे (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे ऑटोस्विच लाइट आल्या आल्या एकदम मोटारी उचलतात आणि त्या क्षणी व्होल्टेज तळाला जातं. प्रत्येकानं स्टार्टरला मिनिट-दोन मिनिटांचा वेगवेगळा टायमर लावला तर डीपीही वाचेल.

भरणाऱ्याला आणखी एक सांगा. जुनी तार काढताना स्टेटरवर, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागावर, रॉकेल ओतून पेटवू नका. आतले पत्रे एकमेकांपासून वेगळे राहावेत म्हणून त्यांच्यावर पातळ लेप असतो. भट्टीत तापमान ३६०-३७० अंशांच्या आत ठेवलं तर तो टिकतो, उघड्या आगीत मरतो. मग पत्र्यांमध्येच प्रवाह फिरू लागतात आणि मोटार रिकामी चालवली तरी तापते. तीनदा भरलेली मोटार चौथ्यांदा लवकर का जळते, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

प्रश्न : एम.टेक. झालं आहे, मोटार डिझाइनमध्ये पीएच.डी. करायची आहे. एक संभाव्य गाइड म्हणतात, ‘ऑप्टिमायझेशनचा नवा अल्गोरिदम लाव, पेपर पटापट होतात.’ हा विषय घ्यावा का? – एक विद्यार्थिनी, पुणे

पेपर पटापट होतात हे खरं आहे. म्हणूनच घेऊ नका.

लांडग्यांच्या कळपाचा अल्गोरिदम, मुंग्यांचा, कोकिळेचा! गेल्या वीस वर्षांत मोटारीवर सगळं प्राणिसंग्रहालय सोडून झालंय. प्रत्येक प्रबंधाचा शेवट ‘कार्यक्षमता अमुक टक्क्यांनी वाढली’ असा असतो, पण ती वाढलेली असते संगणकात. संगणकातली मोटार आणि फाउंड्रीतून, प्रेसखालून आलेली मोटार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांच्यातलं अंतर हाच खरा विषय आहे.

आमच्या प्रयोगशाळेतला किस्सा सांगतो. एका विद्यार्थ्याच्या मोटारीची कार्यक्षमता सॉफ्टवेअरमध्ये ९१ टक्के निघाली, टेस्ट बेंचवर ८७. पोरगा महिनाभर मेश (हिशोबासाठी संगणकात मोटारीचे पाडलेले तुकडे) बारीक करत बसला. शेवटी मी त्याला मोटार उघडायला लावली. वर्कशॉपवाल्यानं पत्र्यांची चळत घट्ट राहावी म्हणून बाहेरून चार जागी वेल्डिंगचे पट्टे मारले होते, तेही चांगले जाडजूड. वेल्डिंगनं पत्रे एकमेकांना जोडले गेले आणि त्यांच्यात प्रवाह फिरू लागले. मेश कितीही बारीक केला असता तरी त्यात वेल्डिंग दिसलं नसतं.

अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आपण का वापरतो? भोवरा-प्रवाहांचा (पत्र्यातच गोल फिरून तो तापवणाऱ्या प्रवाहांचा) तोटा जाडीच्या वर्गात वाढतो म्हणून. पत्र्याच्या कंपनीच्या कॅटलॉगात जे तोट्याचे आकडे असतात ते एपस्टाइन फ्रेम या चाचणीच्या चौकटीवर मोजलेले असतात. तिथं तीन सेंटिमीटर रुंदीच्या सरळ पट्ट्या वापरतात. तुमच्या मोटारीतला दात (दोन खाचांमधली पत्र्याची पट्टी) असतो पाच-सहा मिलिमीटरचा. पंचनं (प्रेसमधल्या कापणाऱ्या हत्यारानं) पत्रा कापला की कडेच्या धातूला दाब बसतो आणि त्याचे चुंबकीय गुण बिघडतात. रुंद पट्टीत ती कड नगण्य असते, अरुंद दातात कडच जास्त. त्यामुळे मोजलेला तोटा कॅटलॉगपेक्षा बराच वर जातो. डिझाइनर मंडळी या फरकापोटी एक गुणक ठोकून देतात. हा गुणक कुठून आला असं विचारलं की ‘अनुभवातून’ असं उत्तर येतं. कुणाच्या अनुभवातून, कुठल्या पंचच्या, किती धार बोथट झाल्यावरच्या? इथं तीन वर्षं काढा. पंच घासत जातो तसतसा तोटा कसा वाढतो, हे मोजायला पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या स्टॅम्पिंगवाल्याशी मैत्री करावी लागेल. ती कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा जास्त कामी येईल.

वरच्या शेतकरीदादांचं पत्रही वाचा. भरलेल्या मोटारींचा कोअर-तोटा (पत्र्यांत वाया जाणारी वीज) मोजणं हाही विषयच आहे, आणि तो जागतिक आहे.

प्रश्न : चीननं मॅग्नेट रोखले तर आपल्या ईव्ही थांबणार का? मॅग्नेटशिवाय मोटार बनत नाही का? – एक नोकरदार, नाशिक

बनते. घराघरातल्या मिक्सरमध्ये आणि गावोगावच्या पंपात मॅग्नेट नसतोच. प्रश्न आहे कमी वजनात, कमी जागेत जास्त ताकद मिळवण्याचा. निओडायमियम-लोह-बोरॉनचा मॅग्नेट १९८० च्या दशकात आला आणि डिझाइनरांना चैन परवडू लागली. त्याची खोड एवढीच की तापला की तो हट्ट सोडतो, म्हणजे त्याचं चुंबकत्व ढळू लागतं. म्हणून त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळतात. एप्रिल २०२५ मध्ये चीननं ज्या सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्यांत हे दोन्ही आहेत. चाकणच्या ईव्हीवाल्यांची झोप उडाली ती त्यामुळे.

संशोधन दोन अंगांनी चाललंय. एक, डिस्प्रोशियम सगळ्या मॅग्नेटभर न मिसळता फक्त कणांच्या सीमांवर मुरवायचा. मीठ भाजीत न घालता वरून भुरभुरावं, तसं. दोन, सिंक्रोनस रिलक्टन्स मोटार. तिच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, मॅग्नेटही नाही आणि तारही नाही, नुसत्या पत्र्यात कापलेल्या वळणदार खिडक्या. लोखंडातून चुंबकरेषांना वाट सोपी, खिडकीतून अवघड, आणि या फरकातून पीळ मिळतो. कल्पना नवी नाही. कोस्टको या संशोधकाचा यावरचा निबंध १९२३ चा आहे! तिला वेग हवा तसा बदलून देणारा इन्व्हर्टर तेव्हा नव्हता, म्हणून ती पडून राहिली.

अडचणी दोन आहेत. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी येणारा हिस्सा) ०.७ च्या आसपास घुटमळतो, म्हणून इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो. दुसरं, खिडक्यांच्या टोकाला लोखंडाची जी बारीक पट्टी उरते ती चुंबकरेषा चोरते. पातळ करावी तर जास्त वेगाला तुटते, जाड ठेवावी तर चोरी वाढते. खिडकीत स्वस्तातले फेराइट मॅग्नेट भरणं ही तडजोड मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

प्रश्न : मुलगा पॉवर सिस्टिम घ्यायची म्हणतो. तारा आणि टॉवर यांत आता संशोधन काय उरलंय? – एक पालक, सोलापूर

सोलापूरकरांनी हे विचारावं! ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर या ७६५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाइननं दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाशी जोडलं आणि सगळा भारत एका ठेक्यात, ५० हर्ट्झवर आला. तुमच्या गावावरूनच.

त्याआधी, ३० आणि ३१ जुलै २०१२ ला, ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळलं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोक ज्या राज्यांत राहतात ती अंधारात गेली. सुरुवात कुठून झाली? बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली. तिच्यावर दोष नव्हता. लोड फार आणि व्होल्टेज कमी, हे बघून रिलेला (दोष दिसताच लाइन तोडणाऱ्या उपकरणाला) वाटलं की लांब कुठेतरी शॉर्ट आहे. गर्दी आणि अपघात यांतला फरक रिलेला कळला नाही. तो कसा शिकवायचा, हा आजही चांगला विषय आहे.

आता सोलर वाढतंय. औष्णिक केंद्राचा रोटर मिनिटाला ३००० फेऱ्या मारतो. कुठे वीज तुटली तर त्याच्या फिरत्या वस्तुमानातली ऊर्जा पहिले काही सेकंद तोल सांभाळते. पॅनेलमध्ये फिरणारं काही नाही. म्हणून इन्व्हर्टरलाच ग्रिडचा ठेका धरायला लावणारं नियंत्रण लिहिलं जातंय. पण सगळं खापर या फिरत्या वस्तुमानाच्या, जडत्वाच्या, अभावावर फोडू नये. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले, तिथं व्होल्टेज चढत गेलं आणि वीज केंद्रं एकामागून एक ग्रिडपासून सुटली. चिरंजीवांना बिनधास्त येऊ द्या.

प्रश्न : बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या मॅग्नेटच्या मोटारीचा) खरंच २८ वॅट घेतो की नुसती जाहिरात? आमचा नवा तर बंदच पडला. – एक गृहिणी, डोंबिवली

ताई, घरीच तपासा. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुकी हे शेजारी छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. रात्री फ्रिजसकट सगळं बंद करून फक्त पंखा पूर्ण वेगानं लावा. जुना ७५ वॅटचा पंखा असेल तर दिवा साधारण १५ सेकंदांनी लुकलुकेल, २८ वॅटचा असेल तर ४० सेकंदांनी. आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाका. दोनवर ठेवलेल्या रेग्युलेटरमागे नवा पंखा लावून आतलं सर्किट गेलं, असं तुमच्या पत्रावरून दिसतंय.