गरीब देशांनी जगासाठी जंगलं राखायची, तर पैसे कोण देतं? आणि भारत यात देणारा की घेणारा?

तुमच्या प्रश्नाखालच्या बहुतेक उत्तरांत 'मदत' हा शब्द आलाय. मला तो खटकतो. माझ्या मते ही मदत नाही, थकलेलं येणं आहे.

इक्वाडोरचं बघा. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात त्यांचं यासुनी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९७९ सालचं. आत वाओरानी लोक राहतात. त्यांच्या नात्यातले दोन समूह तर आजही बाहेरच्या जगाशी संबंध ठेवत नाहीत. आणि त्याच पट्ट्यात जमिनीखाली जवळपास ८५ कोटी बॅरल तेल! २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेया यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे सरळ हिशेब ठेवला. तेल आम्ही काढत नाही, पण बुडणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा भाग, म्हणजे १३ वर्षांत ३६० कोटी डॉलर, जगाने भरावा. उरलेला तोटा आम्ही सोसतो.

निधी स्थापन झाला, कौतुक झालं, आश्वासनंही आली. २०१३ पर्यंत प्रत्यक्ष जमा झाले सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. हजार रुपये मागावेत आणि हातावर चारसुद्धा पडू नयेत, तसं. त्या ऑगस्टमध्ये कोरेयांनी योजना गुंडाळली आणि २०१६ पासून तिथून तेल निघू लागलं. (तेल काढायची तयारी आतून आधीच चालू होती, असा आरोप त्यांच्यावर होतो आणि तो बिनबुडाचा नाही. पण म्हणून बाकीच्यांचं न देणं माफ होत नाही.)

गंमत पुढेच आहे. २० ऑगस्ट २०२३ ला तिथे सार्वमत झालं आणि जवळपास ५९ टक्के लोकांनी 'तेल जमिनीतच राहू द्या' असा कौल दिला. जगाने न भरलेलं बिल त्या देशाच्या मतदारांनी स्वतःवर घेतलं. न्यायालयाने विहिरी बंद करायला वर्षभर दिलं होतं. तेवढ्यात ते काम उरकलं नाही, हेही खरं.

जमलेलं उदाहरण हवं असेल तर सेशेल्स, हिंदी महासागरातला बेटांचा देश. जमीन जेमतेम साडेचारशे चौरस किलोमीटर, समुद्र मात्र १३ लाखांहून जास्त. २०१६ मध्ये नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने उभ्या केलेल्या पैशातून त्यांनी २ कोटी १६ लाख डॉलरचं परदेशी कर्ज थोड्या सवलतीत फेडलं. आता हप्ते जुन्या सावकारांऐवजी देशातल्याच एका विश्वस्त निधीकडे जातात आणि त्यातला वाटा समुद्र राखण्यावर खर्च होतो. २०२० मध्ये त्यांनी ३० टक्के समुद्र संरक्षित जाहीर केला. रक्कम छोटीच होती, पण तिजोरीची किल्ली घरात राहिली. मला हा मार्ग म्हणूनच पटतो.

हाच '३० टक्के' आकडा सगळ्या जगासाठी ठरला तो डिसेंबर २०२२ च्या माँट्रियलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता परिषदेत. २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचा, आणि विकसित देशांनी २०२५ पर्यंत वर्षाला २००० कोटी, २०३० पर्यंत ३००० कोटी डॉलर द्यायचे. शेवटच्या रात्री काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या प्रतिनिधीने निधीवरून हरकत घेतली, तरी परिषदेच्या अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव मंजूर केला. पैशाखालोखाल अडचण आहे ती माणसांची. एकाच वेळी चार खोल्यांत वाटाघाटी, त्याही बहुतेक इंग्रजीत आणि दुभाष्याविना. दोन माणसांचं शिष्टमंडळ घेऊन आलेल्या देशाने बसायचं कुठे?

आता भारत. दोन्ही. जागतिक पर्यावरण सुविधा नावाचा जो निधी आहे, त्यात आपण थोडं घालतो आणि त्यातून घेतोही. २०१२ च्या हैदराबादमधल्या जैवविविधता परिषदेत, आपल्याच यजमानपदाखाली, विकसनशील देशांना या कामासाठी मिळणारा पैसा दुप्पट करायचं ठरलं होतं.

त्याच वर्षी पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या. आपल्याकडच्या चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यात. बातमी मीच मोठ्या उत्साहाने मामाला फोन करून सांगितली. तो एवढंच म्हणाला, "बरं झालं. पण गुरं आता कुठं सोडायची, ते काय लिवलंय का त्यात?"