गाडीचे आठ प्लग: दहा हजारांचे इरिडियम की तीन हजारांत साधे?

ठाण्यात घोडबंदर रोडवर पातलीपाड्याला राहणाऱ्या एका वाचकांकडे 2007 ची होंडा सिटी झेडएक्स आहे, आय-डीएसआय इंजिनाची. एसी लावून गायमुखचा चढ चढताना गाडी धक्के देते. पेट्रोल पेटवणारी ठिणगी देणारे आठ स्पार्क प्लग बदलायला एका मोठ्या वर्कशॉपने टिकाऊ इरिडियम टोकाचे प्लग धरून 10,340 रुपये सांगितले आणि वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या मेकॅनिकने साधे प्लग धरून 3,080. तिसरा विचार स्वतःच हात घालण्याचा: प्लगचे 1,280 आणि हत्यारांचे 4,200. त्यात मेकॅनिकने आणखी एक पिल्लू सोडलंय, "साहेब, पुढचे चारच बदलू, साडेनऊशेच्या आत उरकेल." वर्कशॉपचं बिल कार्डावर ईएमआयने फेडावं का, असंही त्यांनी विचारलंय.

माझं उत्तर: वागळेलाच जा, साधे प्लग घाला, पण आठही बदला.

या इंजिनात चार सिलिंडरांना आठ प्लग असतात, प्रत्येकी दोन. पुढचे चार बॉनेट उघडताच समोर दिसतात. मागचे चार फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे, काचेखालच्या झाकणाच्या, काउलच्या आड दडलेले. वायपरचे हात आणि काउलचं प्लास्टिक काढल्याशिवाय तिथे धड हात जात नाही. मग येतो कॉइलचा, म्हणजे प्लगला वीज देणाऱ्या भागाचा, कनेक्टर. त्याची प्लास्टिकची जीभ इतकी वर्षं इंजिनाच्या धगीत राहून ठिसूळ झालेली असते. नेहमीच्या सवयीने अंगठा दाबला की तुकडाच हातात येतो. त्याखालचा प्लग नजरेला पडत नाही, पाना चाचपडत बसवायचा. मेकॅनिकच्या 1,800 रुपये मजुरीतले 1,500 याच चार प्लगांचे आहेत, आणि मला ते जास्त वाटत नाहीत.

वर्कशॉपचं म्हणणं असं की उघडायलाच इतका खर्च आहे तर एकदाच टिकाऊ माल घाला. म्हणणं चुकीचं नाही, पण ते वर्षाला वीस हजार किलोमीटर गाडी पळवणाऱ्याला लागू पडतं. इरिडियम प्लग साधारण लाखभर किलोमीटर चालतो, साधा निकेलचा तीस-चाळीस हजार. तुमचं रनिंग वर्षाला पाच हजार. म्हणजे साधे प्लगसुद्धा कागदावर सहा वर्षं निघतात. कागदावर म्हणायचं कारण घोडबंदर! तिथल्या कोंडीत मीटर सरकत नाही, पण इंजिन चालूच असतं आणि प्लग झिजतच असतो. म्हणून चार वर्षं धरा. तुमच्या गाडीची पंधरा वर्षांनंतर वाढवून घेतलेली नोंदणी नोव्हेंबर 2027 मध्ये संपते. तोवर आठ-दहा हजार किलोमीटरच्या वर गाडी जाणार नाही. लाखभर किलोमीटरचे पैसे भरून त्यातले दहा हजार वापरायचे, हा सौदा मला पटत नाही. आणि गाडी विकायला काढलीत तर प्लग इरिडियमचे आहेत म्हणून कुणी हजार रुपये जास्त देणार नाही.

स्वतः करण्याचा हिशोबही बसत नाही. वाचणार मजुरीचे 1,800, हत्यारांना जाणार 4,200. टॉर्क रेंच, लांब एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट वसूल व्हायला हेच काम आणखी दोनदा करावं लागेल, आणि या गाडीत ते दोनदा येणारच नाही. जोखीम वेगळीच. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. प्लग आधी हाताने फिरवून आट्यात नीट बसला पाहिजे. तिरका बसला आणि वर पाना मारला की आटे गेले. डोळ्यांआडच्या भोकात ती चूक वेळेत कळत नाही. हौस असेल तर पुढच्या मोसमात पुढचे चार काढून साफ करा, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. तेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेक्रेटरींची परवानगी असेल तरच.

आता साडेनऊशेचा मोह. एका सिलिंडरात दोन प्लग असल्याने मागचा थकला तरी पुढचा काम रेटून नेतो. गाडी बंद पडत नाही, नुसती ओढत नाही आणि पेट्रोल जास्त पिते. त्यामुळे 'चालतेय ना' हा पुरावा इथे चालत नाही. मिसफायर, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणं, तसाच राहिला तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, आणि त्याचं बिल प्लगांच्या बिलाच्या कित्येक पट असतं. दोन हजार वाचवायला तेवढा धोका नको.

मात्र पैसे देण्याआधी एक खात्री करून घ्या. धक्के कॉइलमुळेही बसतात. मेकॅनिकला पुढचे चार प्लग काढून दाखवायला सांगा आणि संशयित सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून बघायला सांगा. दोष कॉइलबरोबर सरकला तर तिथे आधी खर्च करा.

ईएमआयचा प्रश्न 3,080 रुपयांना उरत नाही. कार्डाचं बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. गाडीच्या देखभालीसाठी ते कधीच अंगावर घेऊ नका. वाचलेले 7,260 मात्र खर्चून टाकू नका, बाजूला आरडीत घाला. 2027 नंतर गाडी ठेवायची ठरली तर फिटनेस, पर्यावरण कर आणि नूतनीकरण असं सगळं एकदम समोर येईल. वीस वर्षं ओलांडलेल्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये दहा हजार केलंय.

काम पावसाळ्याआधी उरकून घ्या, आणि काउल परत बसवताना त्याची रबराची पट्टी नीट बसली का ते स्वतः बघा, नाहीतर पाणी मागच्या कॉइलवर ठिबकेल. जुने आठही प्लग पुढचे-मागचे, कुठल्या सिलिंडरचे, अशी खूण करून परत मागा. टोकं करडी-तपकिरी आणि कोरडी असतील तर निश्चिंत राहा. एखादं इंजिन ऑइलने ओलं निघालं तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघू शकतं. तसं झालं तर इंजिनावर पुढचा रुपया घालण्याआधी गाडीला आज किती किंमत येते ते विचारून घ्या आणि दोन्ही आकडे मला कळवा.