कंकणद्वीप: गोल काय असतं?

प्रश्न असा आहे: भूगोलाच्या पुस्तकात लक्षद्वीपच्या संदर्भात ‘कंकणद्वीप’ शब्द येतो, म्हणजे तिथलं बेट बांगडीसारखं गोल असतं का? आणि त्यासाठी वापरतात तो ‘ॲटोल’ शब्द मूळचा कुठला?

बेट गोल नसतं. गोल असतो तो प्रवाळांचा बांध, आणि तोही बराचसा पाण्याखाली. त्याच्या आत उथळ, निवांत पाणी, बाहेर खोल समुद्र. बांधावर जिथे वाळू साचून वर आली, तिथे बेट. लक्षद्वीपमधली बंगारम आणि तिन्नकरा ही दोन वेगळी बेटं, पण कंकण एकच. कवरत्ती म्हणजे कंकणाच्या पूर्वेकडची चिंचोळी पट्टी. समासात ‘द्वीप’ शेवटी आल्याने सगळा घोटाळा होतो.

‘ॲटोल’ आला मालदीवच्या दिवेही भाषेतून. मूळ शब्द ‘अतोळु’, चक्क आपल्या ‘ळ’सकट! इंग्रजीत जाताना तो ‘ळ’ हरवला. दिवेही ही मराठीसारखीच इंडो-आर्य कुळातली, आणि आपल्या मिनिकॉयवरही तिचीच बोली बोलतात. ‘अतोळु’ म्हणजे बांध, आतलं पाणी आणि वरची बेटं, सगळं मिळून.

या कंकणाच्या मधोमध जमीन नसते, कारण तिथला डोंगर बुडालेला असतो. हे डार्विनने १८४२ मध्ये मांडलं. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं. प्रवाळांना उजेड लागतो, म्हणून ते जुन्या सांगाड्यांवर नवे थर चढवत वर येत राहतात. मालदीवमध्ये तेलाच्या शोधात विहीर खोदली, तेव्हा सुमारे दोन किलोमीटर चुनखडीखाली बेसाल्ट लागला. म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ! पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला, त्याच्यावरून भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे मालदीवचे ज्वालामुखी उभे राहिले, असं भूशास्त्रज्ञ मानतात. तो स्रोत आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

म्हणून मला ‘प्रवाळकंकण’ हा शब्द जास्त पटतो. ‘बंगारम बेट’ म्हणावं ते जमिनीला, आणि ‘बंगारमचं प्रवाळकंकण’ म्हणावं ते तिन्नकराला पोटात घेणाऱ्या अख्ख्या कड्याला.