पक्ष्यांची फॉसिल्स शिकायला म्युनिकला यायचंय? मग एवढं वाचून ये

तू विचारलंयस की झूऑलॉजीत बीएससी झालंय, पक्षी डायनासोरांपासून कसे आले हे शिकायला म्युनिकला मास्टर्स करायचंय, तर रोजचं आयुष्य कसं असतं, जर्मन किती लागतं, पैसे किती आणि पुढे नोकरीचं काय. मी याच विषयासाठी इथे आले आणि इथेच राहिले, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी हातोडा घेऊन फॉसिल खणत फिरायचं ते चित्र डोक्यातून काढ. वर्षातले मोजके दिवस फील्ड, बाकी सगळं खोलीत बसून. आणि सुरुवातीला तर फॉसिल नाहीच, आजच्या पक्ष्यांची हाडं बघायची. कबुतर, बदक, कावळा यांचं दंडाचं हाड समोर आलं की कुठलं कोणाचं हे सांगता यायला हवं, कारण फॉसिलमध्ये अख्खा सापळा मिळाला तर नशीब, एरवी एखादं तुटकं टोक असतं आणि त्यावरूनच काय ते बोलायचं असतं. म्युनिकला यासाठी सोय चांगली आहे, पॅलिओअ‍ॅनाटॉमीच्या (प्राचीन हाडांच्या अभ्यासाच्या) सरकारी संग्रहात पक्ष्यांच्या सापळ्यांचे खोकेच्या खोके आहेत. तू झूऑलॉजीवाली, तुला हा भाग सोपा जाईल, पण स्ट्रॅटिग्राफी (खडकांचे थर) आणि सेडिमेंटॉलॉजी (गाळ आणि गाळाचे खडक) घाम काढतील. जिऑलॉजीवाल्यांचं बरोब्बर उलटं होतं.

आता आर्किऑप्टेरिक्स, म्हणजे डायनासोर आणि पक्षी यांच्या मधला तो प्रसिद्ध जीव, कारण तू मुख्यतः त्याच्यासाठीच येत्येस हे दिसतंच आहे. १८६१ मध्ये हेर्मान फॉन मायरने नाव दिलं, बव्हेरियातल्या साधारण १५ कोटी वर्षं जुन्या चुनखडीतून तेव्हापासून डझनभराच्या आसपास सापळे निघाले, पण एक लंडनला, एक बर्लिनला, एक शिकागोला असे जगभर पांगलेत. म्युनिकचा नमुना इथल्या पॅलिऑन्टॉलॉजी म्युझियममध्ये आहे, आमच्या युनिव्हर्सिटीचा (लुडविग मॅक्सिमिलियन, म्हणजे एलएमयू) फॉसिलवाला विभाग त्याच इमारतीत, तिकीट नाही, त्यामुळे लेक्चर संपलं की जाऊन बघ हवं तेवढं. दातही आहेत, बोटांना नख्या, लांब हाडांची शेपटी, आणि तरी पिसं आजच्यासारखी, हे डोळ्यांनी बघितलं की पुस्तकातलं सगळं फिकं वाटतं. फक्त थीसिससाठी त्या नमुन्याची दगडी पाटी तुझ्या हातात देतील ही आशा धरू नकोस, मास्टर्सच्या मुलांच्या वाट्याला कपाटातली कमी देखणी तुकडेबाज हाडं येतात, आणि मला विचारशील तर शिकायला तीच बरी.

खरं काम कसं असतं सांगते. एखाद्या दगडाचं सीटी स्कॅन होतं, हजारो स्लाइस (आडव्या छेदांची चित्रं) येतात, आणि प्रत्येक स्लाइसवर हाड कुठे संपतं आणि दगड कुठे सुरू होतो ते तू ठरवायचंस. चुनखडीत हे जाम अवघड, दोन्ही करडेच दिसतात, सॉफ्टवेअर हाड रंगवता रंगवता दगडात शिरतं, मग माउसने कडा हाताने ओढत बसायचं, एका कवटीत कित्येक आठवडे जातात. पण २०२० मध्ये जाहीर झालेला अ‍ॅस्टेरिऑर्निस हा प्राचीन पक्षी असाच सापडला, बेल्जियमच्या खाणीतला छोटा दगड, बाहेरून फक्त पायाची हाडं दिसत होती आणि स्कॅनमध्ये आत जवळजवळ अख्खी कवटी, कोंबड्या-बदकांच्या पूर्वजांच्या जवळची, ६.६७ कोटी वर्षं जुनी. २०२५ मध्ये शिकागोच्या आर्किऑप्टेरिक्सचा पेपर आला, त्यात सीटी आणि यूव्ही लाइट वापरून दंडाजवळची टर्शियल पिसं पहिल्यांदा दाखवली, ही पिसं पंख आणि अंग यांच्यातली फट बुजवतात म्हणून उडण्याच्या वादात ती महत्त्वाची. म्हणजे नवीन शोध लागायला दरवेळी नवीन खड्डा लागत नाही.

त्यानंतर कॅरेक्टर मॅट्रिक्स, म्हणजे हाडांच्या लक्षणांचा तक्ता. शेपटीची टोकाची हाडं जुळून पायगोस्टाइल झालंय का, छातीच्या हाडाला उभी कड (कील) आहे का, अशा शेकडो प्रश्नांना शून्य, एक किंवा प्रश्नचिन्ह, आणि निम्मा तक्ता प्रश्नचिन्हांनीच भरतो. त्यावरून वंशवृक्ष काढायचा. आर ही प्रोग्रामिंग भाषा इथे येऊन शिकू असं म्हणू नकोस, आत्ताच सुरू कर.

फील्डची हौस फिटवायची तर आइशटेटजवळ ब्लूमेनबर्गची खाण आहे, तिथे कोणीही हातोडा-छिन्नी भाड्याने घेऊन पाट्या फोडू शकतं. बर्लिनचा आर्किऑप्टेरिक्स त्याच परिसरातला. मिळतं काय, तर बहुतेकदा साकोकोमा नावाचे बोटाच्या पेराएवढे तरंगते क्रिनॉइड (स्टारफिशचे नातेवाईक) आणि मँगनीजचे नक्षीदार डाग, जे नवखी मंडळी फर्नचं पान समजून पिशवीत भरतात.

जर्मनचं म्हणशील तर जिओबायोलॉजी-पॅलिओबायोलॉजीचं मास्टर्स इंग्लिशमध्ये आहे, परीक्षेला अडणार नाही. पण संग्रह सांभाळणारी आणि दगडातून हाड मोकळं करणारी माणसं जर्मनच बोलतात, आणि अर्धी विद्या त्यांच्याकडेच असते. जुन्या लेबलांवर तर असं वळणदार हस्ताक्षर असतं की आजच्या जर्मनांनाही धड वाचता येत नाही. जर्मनची बी१ पातळी करून ये, सहा महिन्यांत फरक कळेल.

पैसे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ (निघण्याआधी ताजा आकडा बघ). आमच्या युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची किरकोळ वर्गणी, ट्युबिंगनला गेलीस तर बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपाबाहेरच्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकचं भाडं मात्र भयंकर आहे, ९९२ मध्ये काटकसर करूनही ओढाताण होते, त्यामुळे अ‍ॅडमिशनचं पत्र आलं की त्याच दिवशी स्टुडंट हॉस्टेलच्या यादीत नाव घाल. कामाला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस मुभा आहे. जमलं तर विभागातच हिवीचं (विद्यार्थी-सहाय्यकाचं) काम धर, मायक्रोस्कोपखाली चाळलेल्या मातीतून ओल्या ब्रशच्या टोकाने इवलेसे दात उचलत बसायचं, कंटाळवाणं आहे पण डोळा त्यानेच तयार होतो. आणि हो, व्हिसाआधी एपीएस सर्टिफिकेट (तुझ्या भारतातल्या डिग्रीची पडताळणी) लागतं, त्याला वेळ जातो, ते आधी उरक.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. मास्टर्सनंतर काम शोधायला १८ महिने मिळतात, पण पक्ष्यांच्या फॉसिल्सवर पगारी जागा जगभरात मोजक्याच, पीएचडीची जागाही बरेचदा अर्ध्या किंवा दोन तृतीयांश पगाराची. माझ्या ओळखीतले बरेच जण सीटी इमेजिंग किंवा डेटाच्या कामात गेले आणि मजेत आहेत. घरच्यांना हे आत्ताच सांगून टाक.

थीसिसचा विषय घेताना नमुना कुठून आणि कोणत्या कागदांवर आला हे विचारच. उबिराजाराचं प्रकरण वाचलं असशील, ब्राझीलचा पिसांसारख्या तंतूंचा डायनासोर, तिथे १९४२ पासून फॉसिल सरकारच्या मालकीची, त्यामुळे २०२० चा पेपर मागे घ्यावा लागला आणि २०२३ मध्ये जर्मनीतून नमुना परत गेला.

प्रोफेसरांना मेल करशील तेव्हा लहानपणापासून डायनासोर आवडतात हे लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. त्यांचा एक पेपर नीट वाच, त्यातलं एखादं कॅरेक्टर का तसं कोड केलं ते विचार, आणि मेल दहा ओळींत संपव.